मागवले नव्हते, की मुळातच नव्हते?

हायबरनेट वापरणाऱ्या चमूत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच एक अपवाद भेटतो: लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन. सेशन बंद झाले आहे, आता ही यादी भरून मिळणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. त्यावर शेजारच्या खुर्चीतून येणारा सल्लाही ठरलेला. सेशन उघडे ठेव. नाहीतर ते नाते ईगर कर. नाहीतर जॅक्सनचे हायबरनेट-मॉड्यूल लाव, म्हणजे न भरलेल्या प्रॉक्सीच्या जागी नल जाईल आणि तक्रार मिटेल. या तिन्ही सल्ल्यांच्या बुडाशी मत एकच आहे. डेटाबेसातून आलेली एन्टिटी जशीच्या तशी दूरच्या क्लायंटकडे धाडणे ही सरळ वाट, लेझी प्रॉक्सी हा त्या वाटेतला खडा, आणि खडा उचलायला साधन हाताशी असताना वेगळे वर्ग लिहीत बसणे म्हणजे वेळेची नासाडी.

हे मत मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो दुबळा नाही आणि त्याला इतिहासाचे पाठबळ आहे.

ईजेबी २ च्या काळात एन्टिटी बीन हा कंटेनरला बांधलेला घटक होता. दूरस्थ इंटरफेसने वापरला तर त्याच्या प्रत्येक गेटरमागे नेटवर्कवरचा एक कॉल. म्हणून त्यातली माहिती काढून एका साध्या वर्गात भरायची आणि तो वर्ग पाठवायचा, अशी रीत पडली. २००१ साली ‘कोअर जे२ईई पॅटर्न्स’ या पुस्तकाने ती ग्रंथबद्ध केली आणि २००२ साली मार्टिन फाउलरच्या ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ अॅप्लिकेशन आर्किटेक्चर’मध्ये ‘डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट’ हे नाव पक्के झाले. व्यवहारात याचा अर्थ काय झाला? प्रत्येक टेबलामागे एक बीन, दोन-तीन इंटरफेस, एक डीटीओ आणि त्या सर्वांमध्ये माहिती इकडून तिकडे ओतणारा कंटाळवाणा कोड. २००१ साली गॅव्हिन किंगने सुरू केलेल्या हायबरनेटने यातून सुटका केली. त्याच्या एन्टिटी साध्या जावा वस्तू होत्या. सेशन संपले की वस्तू ‘डिटॅच्ड’ होई, पण हातात राही. ती पडद्यापर्यंत न्या, वापरकर्त्याला बदलू द्या, परत आणून नव्या सेशनला जोडा. डीटीओ नको, हे त्या काळी हायबरनेटचे मोठे आकर्षण होते. पुढे २००४ साली खुद्द फाउलरनेही एकाच प्रोसेसमध्ये डीटीओ वापरण्याविरुद्ध लिहिले.

तेव्हा पूर्वपक्षी म्हणतो: डीटीओ हा ईजेबीच्या आजाराचा उतारा होता. आजार गेला, आता उतारा कशाला?

या युक्तिवादात एक अट गृहीत धरलेली आहे आणि ती कोणी मोठ्याने बोलत नाही. डिटॅच्ड वस्तू जिथे पोचते तिथे तोच वर्ग आणि तेच हायबरनेट असले पाहिजे. वेब-थर आणि सेवा-थर एकाच जावा प्रोसेसमध्ये होते तोवर ही अट आपोआप पाळली जात होती. फाउलरचा आक्षेपही नेमका त्याच परिस्थितीपुरता होता. दूरच्या क्लायंटसाठी डीटीओ हवा, ही त्याची मूळ भूमिका त्याने सोडलेली नाही. पूर्वपक्षी त्याचा दाखला देतात तेव्हा ही मर्यादा सोयीने गळते.

मग क्लायंट हलला. २००६ मध्ये जीडब्ल्यूटी आले. त्यात जावाचा कोड भाषांतरित होऊन ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट म्हणून चालतो. सर्व्हरवर चालू असताना तयार होणारा प्रॉक्सी-वर्ग आणि हायबरनेटची स्वतःची पर्सिस्टंटबॅग यांना तिथे जागाच नव्हती, त्यामुळे एन्टिटी पाठवली की सीरियलायझेशनचा अपवाद ठरलेला. यावर गिलियड नावाचे साधन निघाले. ते एन्टिटीची प्रॉक्सी-मुक्त प्रत काढून पाठवी आणि परत आलेल्या प्रतीत जुनी माहिती पुन्हा मिसळी. फ्लेक्सच्या वाटेने जाणाऱ्यांनी असेच उद्योग केले. आज सगळे जेसॉनवर आले आहे आणि साधनांची नावे बदलली आहेत, खटाटोप तोच.

आता उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलायला नको. समजा, एखाद्या सहकारी पतसंस्थेचे सॉफ्टवेअर आहे. सभासद, त्याची कर्जखाती, कर्जाचे हप्ते, कर्जाला लागलेले जामीन. प्रत्येक जामिनामागे जामीनदार, आणि जामीनदार हाही सभासदच असावा लागतो. त्याचीही कर्जे, त्यांनाही जामीनदार. कोणत्याही एका कर्जापासून नात्यांचा धागा ओढत निघालात तर बहुधा निम्मी पतसंस्था हाती येईल. लेझी लोडिंग अशाच जाळ्यासाठी जन्मले आहे. विचारले तेवढेच आणायचे, बाकीच्या जागी फक्त ओळख-क्रमांक आणि सेशनचा पत्ता असलेली एक पोकळ वस्तू ठेवायची. हायबरनेट ३ ने २००५ साली नात्यांसाठी हाच स्वभाव मूळ ठरवला, तो याच कारणाने.

पहिला सल्ला, सेशन उघडे ठेवण्याचा. स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन-इन-व्ह्यू’ हे सेटिंग मुळातच चालू असते. २०१८ च्या २.० आवृत्तीपासून ते सुरू होताना लॉगमध्ये इशारा मात्र देते. बहुतेक जण तो इशारा वाचून पुढे जातात. ही युक्ती सर्व्हरवर एचटीएमएल बनवण्याच्या काळातली आहे आणि त्या काळी तिला अर्थ होता. जेएसपीत लिहिणारा माणूस ठरवत असे की सभासदाचे नाव दाखवायचे, पत्ता दाखवायचा, जामीन नाही. ज्याला हात लावला तेच भरून येई. म्हणजे काय आणायचे याचा निर्णय कोणीतरी घेत होते, भले उशिरा, पडद्याच्या कोडमध्ये का होईना. सीरियलायझरला असा विवेक नसतो. त्याचा धर्म एकच, दिसेल तो गेटर हाकणे. पन्नास कर्जांचे एक पान मागितले की १ क्वेरी यादीची, ५० जामिनांच्या, आणि प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार धरले तर जास्तीत जास्त १०० त्या सभासदांच्या. १५१ झाल्या, आणि जामीनदारांची स्वतःची कर्जे अजून बाकी आहेत. शेवटी जाळे फिरून मूळ सभासदावर येते आणि स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळतो. मग कुठे जेसॉनइग्नोर, कुठे बॅकरेफरन्स अशी ठिगळे लागतात. हे ठिगळ लावणे म्हणजेच काय पाठवायचे हा निर्णय. फक्त तो एन्टिटीच्या वर्गावर कायमचा डागला जातो. एका पडद्याला जामीन नको म्हणून सगळ्याच पडद्यांना बंद.

याहून वाईट गोष्ट लपलेली असते. ट्रान्झॅक्शन संपल्यावर चालणाऱ्या या उशिराच्या क्वेरी साधारणतः एकेकट्या, ऑटो-कमिटमध्ये धावतात. कर्जाची शिल्लक एका क्षणाची आणि हप्ते दुसऱ्या क्षणाचे, असे उत्तर क्लायंटला मिळू शकते. पतसंस्थेच्या हिशेबात हे चालेल का, हे कोणत्याही लेखापरीक्षकाला विचारा. दुसरे, जेसॉन लिहिता लिहिता मध्येच क्वेरी फसली तर उत्तराचा पहिला भाग ‘सर्व ठीक’ या २०० क्रमांकासह आधीच निघून गेलेला असतो. क्लायंटच्या हाती अर्धवट कंस. तिसरे, डेटाबेसचे कनेक्शन उत्तर लिहून होईपर्यंत अडकून राहू शकते आणि हिकारीच्या पूलमध्ये मुळात कनेक्शने १० च असतात. संथ मोबाइल नेटवर्कवरचे दहा क्लायंट पूल रिकामा करायला पुरे आहेत.

ईगर करण्याच्या सल्ल्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. एन्टिटीवर लिहिलेले ईगर हे सर्व प्रसंगांना लागू होते आणि एखाद्या क्वेरीपुरते ते मागे घेण्याची खात्रीची सोय जेपीएत नाही. जेपीक्यूएलने मागवले तर ईगर नाते बऱ्याचदा वेगळ्या क्वेरीनेच येते, म्हणजे १५१ ची गोष्ट तशीच उरते, फक्त आता ती सेवा-थरात घडते. सगळ्या याद्या एकाच जोडणीत ओढल्या तर ६० हप्ते, २ जामीन आणि १२ कागदपत्रे असलेल्या एका कर्जासाठी ६० × २ × १२, म्हणजे १४४० ओळी येतात. हायबरनेट दोन बॅग एकदम आणायला नकार देते ते यासाठीच. त्यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे लिस्टचा सेट करणे. अपवाद गप्प होतो, १४४० ओळी येतच राहतात.

मला सर्वात धोकादायक वाटतो तो तिसरा सल्ला, कारण तो सर्वात सभ्य दिसतो. न भरलेल्या प्रॉक्सीच्या जागी नल. जादा क्वेरी नाही, अपवाद नाही, जेसॉन आटोपशीर. जॅक्सनच्या हायबरनेट-मॉड्यूलचे मूळ वर्तन हेच आहे. पण क्लायंटच्या बाजूने पाहा. ‘जामीन: नल’ असे आले. याचा अर्थ या कर्जाला जामीन नाहीत, असा घ्यायचा की आम्ही जामीन मागवलेच नव्हते, असा?

आपल्याकडच्या तर्कशास्त्राने या प्रश्नावर शतकानुशतके डोके झिजवले आहे. वस्तू दिसली नाही यावरून वस्तू नाही हे कळते का? कुमारिलाच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक तसे मानत नाहीत, ते त्याला प्रत्यक्षाचे साहाय्य करायला लावतात. भांडण कडाक्याचे होते. पण एका अटीवर दोन्ही बाजू ठाम आहेत आणि बौद्धांकडून धर्मकीर्तीनेही तीच अट घातली आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घटाचा अभाव सिद्ध होतो. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. नल पाठवणारे मॉड्यूल अंधारातली अनुपलब्धी उजेडातली म्हणून क्लायंटच्या हवाली करते.

रिलेशनल डेटाबेसाचा जनक एडगर कॉड यालाही एक नल पुरला नव्हता. १९९० च्या पुस्तकात त्याने माहिती लागू आहे पण ठाऊक नाही आणि माहिती मुळात लागूच नाही, अशी दोन वेगळी चिन्हे सुचवली. एसक्यूएलने ती स्वीकारली नाहीत. त्या आधीच ओझ्याखाली दबलेल्या नलवर आपण तिसरा अर्थ लादतो: माहिती आहे, ठाऊकही आहे, आणायला गेलो नाही इतकेच.

हा तात्त्विक कीस वाटत असेल तर पुढे काय होते ते पाहा. ब्राउझरमधला कोड नल दिसला की सवयीने त्याची रिकामी यादी करतो. कारकुनाने कर्जदाराचा फक्त फोन क्रमांक बदलला आणि ‘जतन करा’ दाबले. सगळी वस्तू परत आली, जामिनांच्या जागी रिकामी यादी. सर्व्हरने जेसॉनपासून नवी एन्टिटी बनवली आणि मर्जला दिली. त्या नात्यावर कॅस्केड आणि ऑर्फनरिमूव्हल लावलेले आहे, आणि नियमाप्रमाणे यादीत नसलेले जामीन अनाथ ठरतात. हायबरनेट इमानेइतबारे त्यांच्या ओळी पुसून टाकते. लॉगमध्ये चूक नाही, पडद्यावर हिरवी खूण. कर्ज थकल्यावर वसुलीची नोटीस काढायला बसतील तेव्हा कळेल.

आणि गंमत पाहा. जेपीएच्या मर्जचा नियम याच अपघातापासून वाचवण्यासाठी लिहिलेला आहे: जी लेझी क्षेत्रे आणलीच नव्हती, त्यांना मर्जने हात लावायचा नाही. हे पाळता येते कारण न भरलेली यादी आपण न भरलेली आहोत हे स्वतः सांगते. ज्या प्रॉक्सीला आपण खडा समजून उचलून फेकला, तिच्याजवळच ही माहिती होती. नल घालून आपण साक्षीदारच नाहीसा केला. तेच मॉड्यूल निदान एकेरी नात्यांसाठी नलऐवजी ओळख-क्रमांक पाठवू शकते. ते सेटिंग त्यातल्या त्यात प्रामाणिक, पण याद्यांना त्याचा उपयोग नाही.

एक चौथा पंथही आहे, संख्येने लहान पण बुद्धिमान. तो म्हणतो, लेझीपणाच क्लायंटपर्यंत न्या. क्लायंटने जामिनांना हात लावला की तिथूनच सर्व्हरला हाक जाऊ दे. फ्लेक्सच्या काळात ग्रॅनाइटडीएसने हे चालवून दाखवले होते, त्यामुळे अशक्य म्हणता येत नाही. याचे खंडन १९९४ सालीच झाले आहे. सन मायक्रोसिस्टम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी ‘ए नोट ऑन डिस्ट्रिब्यूटेड कम्प्यूटिंग’ या टिपणात दाखवले की जवळची वस्तू आणि दूरची वस्तू एकसारखी भासवणे हा मूळ दोष आहे: विलंब, स्मृती, अर्धवट बिघाड आणि समांतरता, चारही बाबतींत त्या वेगळ्या आहेत. मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद, एका डेटासेंटरात जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद, महासागर ओलांडून परत यायला दीडशे मिलिसेकंदांच्या घरात. म्हणजे एकाच गेटरची किंमत परिस्थितीनुसार पंधरा लाख पट बदलते आणि कोडकडे पाहून ते कळत नाही. ग्राफक्यूएलला कोणी या पंथात बसवू नये. २०१५ मध्ये फेसबुकने ते खुले केले तेव्हापासून त्याचा गाभा उलटा आहे: काय हवे ते क्लायंट आधीच, लिहून सांगतो.

इथवर वाचून डीटीओवाले खूश झाले असतील. त्यांनाही थोडे थांबवावे लागेल. प्रत्येक एन्टिटीला क्षेत्रागणिक जुळणारा एकेक डीटीओ आणि मॅपस्ट्रक्टने केलेली नक्कल, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्यात काय बदलते? सीरियलायझरऐवजी मॅपर गेटर हाकत सुटतो. १५१ क्वेरी तशाच. लेझी यादी डीटीओत न आणता रिकामी ठेवली तर वरचा जामिनांचा अपघातही तसाच. वर्गाचे नाव बदलल्याने काही साधत नाही.

मूळ प्रश्न एन्टिटी की डीटीओ हा नव्हेच. या उत्तरात काय जायचे हे कोणी ठरवले आणि कधी, एवढाच प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तो निर्णय त्या कामाची क्वेरी लिहिणाऱ्याने, ट्रान्झॅक्शन चालू असताना, क्वेरीतच घ्यावा. थकबाकीच्या यादीसाठी खाते क्रमांक, नाव, थकलेली रक्कम आणि जामिनांची संख्या हवी असेल तर जेपीक्यूएलच्या ‘सिलेक्ट न्यू’ने तेवढेच एका रेकॉर्डमध्ये भरावे. एन्टिटी जन्मालाच येत नाही, त्यामुळे प्रॉक्सीही नाही. एन्टिटीच हवी असेल, म्हणजे पुढे सर्व्हरवर त्यावर व्यवहार करायचा असेल, तर २०१३ च्या जेपीए २.१ पासून एन्टिटी ग्राफ आहे. त्या प्रसंगापुरती नाती त्यात सांगता येतात. पतसंस्थेच्या उदाहरणात असे दहा-पंधरा आकार होतील, पडद्यागणिक एक. पूर्वपक्षी याला पुनरावृत्ती म्हणेल. पण थकबाकीची यादी आणि जामीनदाराचा दाखला यांत सारखे आहे ते फक्त नाव. दोन वेगळी कामे दोन वेगळ्या वर्गांत लिहिली तर त्यात पुनरावृत्ती कसली?

परतीच्या वाटेवर तर एन्टिटी कधीच नको. फोन बदलायचा असेल तर फोन आणि आवृत्ती-क्रमांक एवढेच यावे, सर्व्हरने खरी एन्टिटी उचलून ते एक क्षेत्र बदलावे आणि आवृत्ती जुळली नाही तर नकार द्यावा. यात सुरक्षेचाही भाग आहे. ओवॅस्पच्या २०१९ च्या एपीआय-यादीत गरजेपेक्षा जास्त माहिती उघड करणे आणि आलेली क्षेत्रे सरसकट वस्तूवर चिकटवणे हे दोन स्वतंत्र धोके होते. २०२३ च्या यादीत ते एका मथळ्याखाली आले. एन्टिटी थेट नेण्या-आणण्यात दोन्ही आयते मिळतात. अनेक क्षेत्रे अंशतः बदलायची असतील तर २०१४ च्या आरएफसी ७३९६ ने मार्ग आखून ठेवला आहे: जेसॉनमध्ये जी किल्ली नाहीच, तिला हात लावायचा नाही, जी नल आहे, ती पुसायची. न सांगितलेले आणि नाही म्हणून सांगितलेले, हा भेद त्यात शाबूत आहे.

पूर्वपक्षाला एक क्षेत्र मी खुशाल सोडून देतो. दोन-चार टेबलांचे घरगुती साधन, एकच चमू, सर्व्हरवरच बनणारे एचटीएमएल, नात्यांचे जाळे उथळ: तिथे एन्टिटी थेट वापरा, सेशनही उघडे ठेवा. कोणाचे काही बिघडत नाही.

जुन्या, वाढलेल्या प्रणालीत मात्र ‘ओपन-इन-व्ह्यू’ एका रात्रीत बंद करू नये. चाचणीच्या सर्व्हरवर बंद करावे आणि काय काय कोसळते याची यादी करावी. प्रत्येक अपवाद म्हणजे असा एक पडदा, जिथे काय आणायचे हे आजवर कोणी ठरवलेले नव्हते. ज्या पडद्यांवरून माहिती जतन होते ते आधी घ्यावेत, नुसत्या दाखवण्याच्या याद्या नंतर. चाचण्यांमध्ये हायबरनेटची स्टॅटिस्टिक्स चालू करून प्रत्येक विनंतीमागे किती स्टेटमेंट गेली ते तपासावे. १५१ चा आकडा ३ वर आला की वरिष्ठांना समजावायला वेगळे भाषण लागत नाही. आणि कॅस्केडसह ऑर्फनरिमूव्हल लावलेली जेवढी नाती सापडतील, त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्या मर्जच्या वाटा त्याच आठवड्यात तपासाव्यात, बाकीचे काम थांबले तरी चालेल.